कोड बरोबर आहे, वेळ चुकतेय: ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या रोजच्या अडचणी

बटणाला क्लिक लावलं, पेज रिफ्रेश केलं, दाबलं, काहीच नाही. कन्सोल म्हणजे ब्राउझरची एरर दाखवणारी खिडकी उघडून बघावं तर लाल ओळ, "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल", म्हणजे जे सापडलंच नाही त्याच्यातलं काहीतरी वाचायला गेलोय. मग आयडीचं स्पेलिंग तीनदा तपासायचं, कोड पुसून परत लिहायचा, कुठूनतरी उचललेला कोड चिकटवून बघायचा, आणि तोही नाही चालला की ही भाषाच विचित्र आहे म्हणून सोडून द्यायचं. शिकणाऱ्या कितीतरी जणांना मी इथेच अडकलेलं बघितलंय, सुरुवातीला मीही बरेच दिवस इथेच होतो. आता वर्षानुवर्षं हेच काम केल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगतो, अशा बहुतेक वेळी लिहिलेली ओळ बरोबरच असते, फक्त ती चुकीच्या वेळी चाललेली असते. म्हणून काही बिघडलं की "काय चुकलं" याच्या आधी "ही ओळ नेमकी केव्हा चालली" हे विचारायचं. खाली ज्या अडचणी सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा या एका प्रश्नाने सुटतात.

वरच्या नलवाल्या एररचंच घ्या. ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचत जातो आणि वाचता वाचता पेजचं झाड म्हणजे डॉम उभं करतो. मध्ये साधा स्क्रिप्ट टॅग आला की वाचणं थांबवून आधी तो कोड चालवतो आणि मग पुढे जातो. तुमचा स्क्रिप्ट टॅग हेडमध्ये आणि बटण खाली बॉडीमध्ये, म्हणजे कोड चालला तेव्हा ते बटण जन्मालाच आलेलं नव्हतं, मग गेटएलिमेंटबायआयडी नल देणार नाहीतर काय देणार. उपाय अगदी सोपा आहे, स्क्रिप्ट टॅगवर डिफर लिहायचं. मग फाइल मागच्या मागे डाउनलोड होत राहते, एचटीएमएल वाचणं थांबत नाही, आणि सगळं झाड उभं राहिल्यावरच कोड चालतो, तोही ज्या क्रमाने टॅग लिहिलेत त्याच क्रमाने. असिंक दिसायला त्याच्यासारखंच पण वागायला वेगळं, फाइल उतरली की लगेच चालणार, मग झाड पूर्ण झालेलं असो नसो आणि दोन फाइल्सपैकी कुठली आधी येईल याचीही काही खात्री नाही, त्यामुळे एक फाइल दुसरीवर अवलंबून असेल तर असिंक लावू नका. आणि हो, डिफर फक्त बाहेरच्या फाइलला लागू होतं, पेजमध्येच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर लावलं तर ब्राउझर तिकडे लक्षच देत नाही. टाइप मॉड्यूल लिहिलं असेल तर मात्र ते आपोआप डिफरसारखं वागतं.

पण समजा डिफर लावलं, पेज उघडताना जी बटणं होती ती सगळी चालतात, आणि नंतर कोडने यादीत एक नवीन ओळ घातली तर तिच्यातलं डिलीटचं बटण चालत नाही. परत तोच प्रश्न, लिसनर, म्हणजे क्लिक झालं की चालणारा कोड, केव्हा लावला? ती ओळ यायच्या आधी. तेव्हा जी बटणं होती त्यांनाच तो लागला. इथे बरेच जण नवीन ओळ आली की सगळ्या बटणांना परत लिसनर लावत सुटतात, मग जुन्या बटणांना दोन दोन, तीन तीन लिसनर लागतात आणि एका क्लिकमध्ये काम तीनदा होतं. त्यापेक्षा लिसनर प्रत्येक बटणाला न लावता त्यांच्या वरच्या यादीला एकदाच लावा. क्लिक झालं की ते खालच्या एलिमेंटपासून वर वर चढत जातं, याला बबलिंग म्हणतात, म्हणजे यादीला ते आपोआप कळतंच. मग इव्हेंटच्या टार्गेटवरून बघायचं की क्लिक कुठे झालं. इथे एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात, बटणाच्या आत आयकॉन असेल तर टार्गेट बटण नसतं, आयकॉन असतं, आणि तुमची अट खोटी ठरते, म्हणजे बटणाच्या कडेला दाबलं तर चालतं आणि मधोमध दाबलं तर चालत नाही असा चक्रावून टाकणारा प्रकार. त्यासाठी टार्गेटवर क्लोजेस्ट वापरायचं, ते क्लिक झालेल्या जागेपासून वर चढत जवळचं बटण शोधून देतं. फोकस आणि ब्लर हे इव्हेंट वर चढत नाहीत एवढं लक्षात ठेवा, त्यांच्याऐवजी फोकसइन आणि फोकसआउट वापरा.

आता जरा खोल जाऊया, कारण हे एकदा कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. पेजवरचं जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालतं, म्हणजे खिडकीवर एकच माणूस बसलाय आणि समोर रांग आहे असं समजा. क्लिक, टायमर, सर्व्हरकडून आलेलं उत्तर, सगळे त्याच रांगेत उभे. तो माणूस एक काम हातात घेतो, पूर्ण संपवतो, मग पुढचं घेतो, अर्धवट सोडून दुसरं कधीच घेत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे स्क्रीनवर चित्र रंगवायचं कामही त्यालाच मध्ये वेळ मिळाला तरच होतं. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते असं धरलं तर दर चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात तुमचं काम नाही संपलं तर चित्र हुकतं, आणि काम दोन सेकंद चाललं तर दोन सेकंद पेज ढिम्म, क्लिकही नाही आणि धड स्क्रोलही नाही.

यातूनच तो सगळ्यांना छळणारा प्रकार होतो. मोठा हिशोब करायचाय म्हणून आधी "थांबा, काम चालू आहे" असा मजकूर दाखवायची ओळ लिहिली, तिच्या खाली हिशोबाचं लूप लिहिलं, आणि चालवून बघितलं तर तो मजकूर दिसतच नाही, पेज अडकतं आणि थेट उत्तरच दिसतं. ओळ चालली नाही असं नाही, डॉममध्ये मजकूर बदललेला असतो, फक्त रंगवायला संधी मिळालेली नसते कारण त्याच दमात हिशोब सुरू झाला. प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तरासाठी जावास्क्रिप्टने दिलेली सोय, लावून हे सुटत नाही, कारण प्रॉमिसच्या पुढची कामं मायक्रोटास्क असतात आणि ती हातातलं काम संपल्या संपल्या, रंगवायच्या आधीच उरकली जातात. नुसतं रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम लावूनही सुटत नाही, ते रंगवायच्या अगदी तोंडावर चालतं, म्हणजे हिशोब परत रंगवण्याच्या आधीच. म्हणून ॲनिमेशनफ्रेमच्या आत सेटटाइमआउट शून्य आणि त्याच्या आत हिशोब, असं केलं की मजकूर आधी दिसतो. तरी पेज अडकणं राहतंच, ते घालवायचं तर काम तुकड्यांत करा, डेटाच्या दोनेकशे नोंदी झाल्या की परत रांगेत जाऊन उभं राहायचं आणि मधल्या वेळात क्लिकला जागा द्यायची. काम खूपच मोठं असेल तर वेब वर्कर, तो दुसऱ्या खिडकीवर बसलेला माणूस आहे, डॉमला हात लावू शकत नाही पण हिशोब निवांत करून उत्तर पाठवतो. मार्च २०२४ पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पेज वापरायला कसं वाटतं ते मोजणाऱ्या आकड्यांमध्ये, आयएनपी नावाचं मोजमाप आलंय, क्लिक केल्यापासून स्क्रीनवर पुढचा बदल दिसेपर्यंत किती वेळ गेला ते मोजतं आणि २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं म्हणतं, म्हणजे हे सगळं आता नुसतं नीटनेटकेपणासाठी राहिलेलं नाही.

रांगेवरून टायमरचं आठवलं. सेटटाइमआउटला १००० दिलं म्हणजे बरोबर एक सेकंदाने चालेल असं नाही, एक सेकंदाने ते रांगेत उभं राहील, पुढे कोण किती वेळ घेतंय त्यावर बाकीचं. शून्य दिलं तरी शून्य नसतं, टायमरच्या आत टायमर असे पाचाच्या वर गेले की ब्राउझर किमान ४ मिलिसेकंद घेतोच. त्याहून मोठा फटका बसतो तो टॅब मागे गेल्यावर, तेव्हा ब्राउझर बॅटरी वाचवायला टायमर हळू करतो, सेकंदाला एकदा किंवा त्याहूनही कमी. एका ऑनलाइन परीक्षेच्या पेजसाठी मी उलटं घड्याळ बनवलं होतं, दर सेकंदाला आकड्यातून एक वजा करायचा, इतकं साधं. मुलांनी मध्ये दुसरा टॅब उघडला की आमचं घड्याळ मागे पडायचं, आणि कुणाला किती जास्त वेळ मिळाला याचा घोळ निस्तरायला आठवडा गेला, त्या मुलांसाठी मला अजून वाईट वाटतं. सेटइंटरव्हलने वेळ मोजायची नाही, ते फक्त आकडा परत दाखवायला वापरायचं. संपायची वेळ एकदा ठरवून ठेवा आणि दर वेळी डेट डॉट नाऊ वजा करून किती उरलं ते काढा, मग टायमर कितीही उशिरा आला तरी आकडा खरा. आणि परीक्षेसारखं काही असेल तर शेवटचा निर्णय सर्व्हरच्या घड्याळावर, कारण माणसाच्या मशीनवरचं घड्याळ तो माणूस बदलू शकतो.

आता सर्व्हरकडून डेटा आणणं. फेच, म्हणजे सर्व्हरकडे डेटा मागायचं फंक्शन, लिहिलं, देनमध्ये, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात, डेटा एका व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि खालच्या ओळीत तो छापला तर अनडिफाइन्ड. का, तर खालची ओळ आधी चालली, उत्तर नंतर आलं. उत्तरावर जे करायचंय ते उत्तर आल्यावरच्या कोडमध्ये हवं, किंवा २०१७ पासून भाषेत असलेलं असिंक अवेट वापरा, वाचायलाही सोपं जातं. पण अवेटचे दोन घोळ आहेत. एक म्हणजे फॉरइचच्या आत अवेट लिहिलं तर फॉरइच कुणासाठीही थांबत नाही, तो सगळ्यांना सुरू करून पुढे निघून जातो आणि "सगळं सेव्ह झालं" हा मेसेज काहीच सेव्ह व्हायच्या आधी दिसतो. थांबायचं असेल तर साधं फॉर ऑफ लूप. दुसरा घोळ उलटा, एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन रिक्वेस्ट एकाखाली एक अवेट केल्या तर प्रत्येकीच्या एका सेकंदाचे तीन सेकंद होतात, प्रॉमिस डॉट ऑलमध्ये एकदम सोडल्या की साधारण एकातच होतं. फक्त ऑलमध्ये एक जरी पडली तरी सगळंच पडलं असं धरलं जातं, ते नको असेल तर ऑलसेटल्ड.

आणि फेचबद्दल एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हर बिघडला) आलं तरी फेच त्याला एरर मानत नाही. सर्व्हरने काहीतरी उत्तर दिलं ना, मग त्याच्या हिशोबाने काम झालं. कॅचमध्ये, म्हणजे एरर आल्यावर चालणाऱ्या भागात, तो तेव्हाच जातो जेव्हा नेटच गेलं, पत्ताच सापडला नाही किंवा ब्राउझरने अडवलं. त्यामुळे रिस्पॉन्सचं ओके तपासून, ते खोटं असेल तर स्वतः एरर फेकायची, हे प्रत्येक फेचमागे हवंच. नाहीतर एररचं एचटीएमएल पान जेसन (डेटा पाठवायचा ठरलेला साचा) म्हणून वाचायला जातं आणि "अनएक्स्पेक्टेड टोकन" अशी भलतीकडेच बोट दाखवणारी एरर येते.

सर्चच्या बॉक्समध्ये वेळेचा खेळ सगळ्यात छान दिसतो. माणूस टाइप करतोय, प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट जातेय. आधी "पु" साठी गेली, मग "पुस्तक" साठी. दुसरीचं उत्तर आधी आलं, यादी बरोबर दिसली, आणि मग रेंगाळत आलेलं पहिलीचं उत्तर तिच्यावर येऊन बसलं. बॉक्समध्ये पुस्तक आणि यादी भलतीच. तुमच्या फास्ट नेटवर हे कधी दिसणारच नाही, वापरणाऱ्याला मात्र रोज दिसेल. यावर दोन गोष्टी एकत्र करायच्या. पहिली डिबाउन्स, म्हणजे दर अक्षराला जुना टायमर काढून नवीन ३०० मिलिसेकंदांचा लावायचा, हात थांबला की मगच रिक्वेस्ट. बरेच जण एवढ्यावरच थांबतात पण डिबाउन्सने रिक्वेस्ट कमी होतात, क्रमाची खात्री मिळत नाही. म्हणून दुसरी गोष्ट, ॲबॉर्टकंट्रोलर, नवीन रिक्वेस्ट सोडताना आधीची रद्द करायची. रद्द केलेली फेच कॅचमध्ये ॲबॉर्टएरर नावाने येते, ती खरी अडचण नाही, ती दिसली तर गप्प पुढे जायचं, वापरणाऱ्याला लाल डबा दाखवायचा नाही. शिवाय मराठी टाइप करताना शब्द अजून जुळत असतो तेव्हाही इव्हेंट येत राहतात आणि काही कीबोर्डवर एंटर दाबून शब्द पक्का करतात, त्या एंटरला सर्च सुरू होऊ नये म्हणून इव्हेंटचं इजकंपोझिंग बघायचं. हे फार थोडे लोक करतात आणि आपल्यासारख्यांना त्याचा त्रास होतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे फॉर्म दोनदा जाणं. नेट हळू, माणसाने परत बटण दाबलं, नोंद दोनदा झाली. सबमिट झाल्या झाल्या बटण डिसेबल करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण क्लिकवर नको, फॉर्मच्या सबमिटवर ऐका, कारण लोक एंटर दाबूनही फॉर्म पाठवतात. आणि रिक्वेस्ट पडली तर बटण परत चालू करायला फायनलीमध्ये ओळ हवी. अजून एक बारीक गोष्ट, पुढच्या पेजवर जाऊन माणूस बॅक दाबून परत आला तर ब्राउझर बऱ्याचदा जुनं पेज जसंच्या तसं गोठवलेलं काढून देतो, कोड पहिल्यापासून चालतच नाही, म्हणजे तुमचं बटण डिसेबलच राहतं. पेजशो इव्हेंटमध्ये पर्सिस्टेड खरं आलं की समजायचं असंच पेज परत आलंय आणि बटण मोकळं करायचं. एवढं करूनही सर्व्हरवर दुहेरी नोंद अडवायलाच हवी, ब्राउझरवर पूर्ण भरवसा कधीच ठेवता येत नाही.

स्क्रोलवर लिसनर लावून "हे चित्र दिसायला लागलं का" असं सारखं मोजत बसू नका, त्यासाठी इंटरसेक्शनऑब्झर्व्हर आहे, तो दिसल्यावर स्वतःच सांगतो. आणि लूपमध्ये एकदा उंची वाचायची, लगेच स्टाइल बदलायची, परत उंची वाचायची असं केलं तर प्रत्येक वाचनाला ब्राउझरला सगळी मांडणी नव्याने करावी लागते. आधी सगळं वाचून घ्या, मग सगळं लिहा, एवढ्यानेच अडखळणारं पेज सरळ होतं.

वेळेशी संबंध नसलेल्या काही गोष्टी भराभर सांगतो. इनपुटमधून येणारं सगळं स्ट्रिंग असतं, म्हणून ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते, आधी नंबरमध्ये बदला. सॉर्टला काही सांगितलं नाही तर तो आकडेही अक्षरांसारखे लावतो, १, १०, २ असे. लोकलस्टोरेज फक्त स्ट्रिंग ठेवतं, ऑब्जेक्ट टाकायचा तर जेसन स्ट्रिंगिफाय, जागा एका साइटला साधारण ५ एमबी, आणि पासवर्ड किंवा टोकन तिथे नको कारण पेजवर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते. माणसाने लिहिलेला मजकूर इनरएचटीएमएलने कधीच दाखवू नका, टेक्स्टकंटेंट वापरा, इनरएचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात पण इमेज टॅगवरचं ऑनएरर चालतं आणि तेवढं पुरेसं असतं. तारखांमध्ये महिने शून्यापासून, ही सवय १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये घाईघाईत भाषा बनवली तेव्हा जावाच्या डेटवरून आलीय. आणि नुसती "२०२४-०३-०५" अशी तारीख दिली तर ती यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली धरली जाते, पुढे वेळ जोडली तर स्थानिक, त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या माणसाला तुमची ५ मार्च ४ मार्च दिसते.

कॉर्सबद्दल, म्हणजे दुसऱ्या साइटवरून डेटा मागवण्याच्या ब्राउझरच्या नियमाबद्दल, मात्र थोडं थांबून, कारण यावर लोकांचे दिवसच्या दिवस जातात. पोस्टमनमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट पाठवून बघायच्या वेगळ्या ॲपमध्ये, चालतं आणि ब्राउझरमध्ये चालत नाही, ही तक्रार सगळीकडे सारखीच. प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट यातलं एक जरी वेगळं असलं तरी ब्राउझरसाठी ती दुसरी साइट, आणि दुसऱ्या साइटचं उत्तर तुमच्या कोडच्या हातात द्यायचं की नाही हे तो त्या दुसऱ्या सर्व्हरला विचारतो, सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवला तरच देतो. हा नियम वापरणाऱ्याला वाचवायला आहे, नाहीतर कुठल्याही पेजने तुमच्या लॉगिनच्या जोरावर तुमचा मेल वाचला असता. पोस्टमन ब्राउझर नाही, त्याला हा नियम नाही. म्हणजे फेचमध्ये कितीही हेडर घाला, हे तिकडून सुटणारच नाही, बदल सर्व्हरवरच करावा लागतो, आणि सर्व्हर आपला नसेल तर मध्ये आपला सर्व्हर ठेवून त्याच्यामार्फत मागवायचं. मोड नो-कॉर्स लिहून एरर जाते पण उत्तर वाचताच येत नाही, तो मार्ग सोडून द्या.

शेवटी हे सगळं शोधायचं कसं. कन्सोल डॉट लॉगवर डोळे झाकून विश्वास नको, त्यातही वेळेचाच घोळ आहे. ऑब्जेक्ट छापला आणि नंतर बाण दाबून उघडला तर तो उघडतानाच्या क्षणाची माहिती दाखवतो, छापतानाची नाही, म्हणून "इथे तर डेटा दिसतोय, मग वापरता का येत नाही" असं होतं. स्ट्रक्चर्डक्लोन करून छापा, मग त्या क्षणाचीच प्रत दिसते. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या (कन्सोल जिथे असतं तिथल्याच) नेटवर्क टॅबमध्ये थ्रीजीसारखा हळू वेग निवडून एकदा आपलं पेज वापरून बघाच, सर्चचा उलटा क्रम, दोनदा जाणारा फॉर्म, सगळं दोन मिनिटांत समोर येतं. एखादं एलिमेंट कोण बदलतंय ते सापडत नसेल तर एलिमेंट्समध्ये त्यावर राइट क्लिक करून ब्रेक ऑन लावा, बदलणारी ओळ स्वतःच पकडली जाते. आणि माउस नेल्यावर उघडणारा मेनू तपासायला गेलं की बंद होतो ना, त्याच्यासाठी डेव्हटूल्स उघडे ठेवून कन्सोलमध्ये तीन सेकंदांचा सेटटाइमआउट लिहा, आत फक्त डिबगर एवढाच शब्द, एंटर दाबून लगेच माउस मेनूवर न्या आणि थांबा, तीन सेकंदांनी पेज उघड्या मेनूसकट जागच्या जागी गोठतं, मग निवांत बघत बसा.